आष्ट्याच्या सोप्यात परदेशी अंडं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तमाम नातेवाईक, सोयरे, शेजारी, माजी सैनिक, आजी-माजी सरपंच, तसेच मंगल कार्यालयांचे मालक व केटरर यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझी अंडी संपली आहेत. नवीन साठा येणार नाही. चौकशीसाठी घरी येऊ नये. आल्यास चहा मिळेल. सल्ला स्वीकारला जाणार नाही.

ही घोषणा मी माईकवरून केलेली नाही. करू मात्र शकले असते, कारण माईक हेच माझं पोटापाण्याचं साधन आहे. साताऱ्यात राहून मी आसपासच्या मंगल कार्यालयांत सूत्रसंचालन करते. लग्न, बारसं, एकसष्टी, निवृत्त फौजीची उघड्या जीपमधली मिरवणूक, जे असेल ते. पण माझं नाव झालं डोहाळजेवणांमुळे. फुलांचा झोपाळा, सातव्या महिन्यातली लाजरी सून, तिच्या हातात थर्माकोलचा धनुष्यबाण आणि झाकलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फी निघाल्यावर सासरच्या चेहऱ्यांवर क्षणभर जे लोडशेडिंग होतं, ते माझ्याइतक्या झटपट कुणाला घालवता येत नाही. म्हणून मला बोलावतात.

आणि मला मूल नाही. हे बोलावणाऱ्यांना बहुतेक वेळा स्टेज सजल्यावर कळतं.

पलूसच्या एका कार्यक्रमात मुलीची आई माझ्या कानाशी आली. "ताई, तसं काही मनात नाही हं. पण झोपाळ्यापाशी तुम्ही जरा बाजूला राहाल का?"

"बाजूला म्हणजे कुठपर्यंत? कराडपर्यंत की नुसतं पडद्यामागं?"

ती म्हणाली, "पडद्यामागं चालेल."

मी माईक घेऊन पडद्यामागे गेले आणि तिथून असा खणखणीत आवाज लावला की आकाशातून कुणी देवीच बोलतेय असं वाटावं. बायकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. पुढच्या महिन्यात दोन जणींनी फोन करून विचारलं, "ते पडद्यामागून बोलायचं आमच्याकडं पण कराल का? त्याचे वेगळे पैसे असतात का?" मी म्हटलं, असतात. माझा अपमान मी इतक्या चांगल्या भावानं याआधी कधी विकला नव्हता.

तर अशी मी, वय वर्षं सेहेचाळीस. नवरा छप्पन्न. तो सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी आहे. आमचं निम्मं वैवाहिक आयुष्य रजेच्या अर्जावर गेलं. मला ज्या आठवड्यात मूल होण्याची शक्यता असायची, त्या आठवड्यात तो बर्फात असायचा. तो रजेवर यायचा तेव्हा माझ्या शरीराचा बाजार उठलेला असायचा. तो निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीच्या एका डॉक्टरांकडे नीट उपचार घेतले. इंजेक्शनं झाली, प्रयत्न झाले, फसले. शेवटी एका दुपारी डॉक्टरांनी समोरचा कॉम्प्युटर बाजूला सारला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्त्रीबीजांवर आता वेळ घालवू नका."

मग त्यांनी सगळं समजावलं. दुसऱ्या एका तरुण बाईनं दिलेलं बीज घ्यायचं, नवऱ्याच्या बीजाशी ते जुळवायचं, आणि तयार झालेला गर्भ माझ्या पोटात ठेवायचा. नऊ महिने मी वाढवायचं, मीच जन्म द्यायचा. माझ्या वयात रक्तदाब आणि साखर दोन्ही त्रास देऊ शकतात, तपासण्या भरपूर कराव्या लागतील, आणि यशाची खात्री कुणी देत असेल तर त्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका, असंही म्हणाले. मला ते आवडलं. शिवाय आपल्या कायद्यात या उपचाराला बाईचं वय पन्नासच्या आत लागतं आणि पुरुषाचं पंचावन्नच्या. मी बसत होते, सुभेदार बसत नव्हते. म्हणजे परदेश.

इथपर्यंत डॉक्टर नेहमीच्या आवाजात बोलत होते. मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "हे घरी सांगायची गरज नसते. गपचूप जायचं, गपचूप यायचं. पोट दिसायला लागलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

गपचूप! मी!

सांगली स्टँडवर बसची वाट बघत आम्ही भडंग खात होतो. नवरा म्हणाला, "डॉक्टर बरोबर बोलतायत. गप जाऊन येऊ."

"एवढी वर्षं सीमेवर उभे राहिलात, आणि तुमच्या काकांना घाबरता?"

"सीमेवर काका नव्हते," तो म्हणाला.

माझ्या बहिणीलाही सांगितलं. तीही म्हणाली, गप राहा. म्हणाली, "दत्तक घे की." तोही विचार करून झाला होता. तिथं नवरा-बायकोच्या वयाची बेरीज करतात आणि त्यावरून किती वर्षांचं मूल मिळेल ते ठरतं. आमच्या बेरजेत तान्हं बसत नव्हतं. आणि खरं सांगू? मला पोट हवं होतं. इतकी वर्षं लोकांच्या पोटांचं कौतुक माईकवरून केलं. त्या बायका कंबरेवर हात ठेवून कशा उठतात, कशा बसतात, ते मी चालता चालता नक्कल करून दाखवते आणि हॉल हसतो. मला एकदा ते नक्कल न करता करायचं होतं. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

दुःख झालं नाही असं नाही. झालं, आणि अगदी विचित्र जागी झालं. माझं नाक पिढीजात पसरट आहे. ते या जगातून गेलं तर मानवजातीचं काही बिघडणार नाही. पण माझी आई हसताना आधी खांदे हलवायची, आवाज नंतर यायचा. मीही तशीच हसते. ते माझ्यापाशी थांबणार, असं एका कार्यक्रमात हसतानाच माझ्या लक्षात आलं, आणि पुढचं वाक्य मी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा. मग विचार केला, खांदे हलवणं रक्तातून येतं की बघून येतं? बघून येत असेल तर मी दाखवायला आहेच.

तर ठरलं. एका थंड, डोंगराळ देशातलं हॉस्पिटल ठरलं. त्या देशाचं नाव सासूबाईंना म्हणता येत नाही म्हणून आमच्या घरात त्याला 'तिकडं' म्हणतात. पासपोर्ट आले. माझ्या तपासण्या झाल्या. अडलं एकाच ठिकाणी. उपचाराला दोघांच्या सह्या लागतात, आणि गपचूप जाणं मी उडवून लावल्यावर नवऱ्यानं त्याची अट घातली. "सांगायचंच असंल तर सरळ भावकीत सांगू. पण आई नको म्हणाली तर मी सही करणार नाही."

अट मला मुळीच मान्य नव्हती. पण पेन त्याच्या खिशात होतं.

सासूबाई आष्ट्याला राहतात. सासरे गेले, नवरा एकुलता. आमचं उसाचं रान चुलत सासरे, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, वाट्यानं करतात. नवरा फौजेत गेला तेव्हापासून तेच करतात, आणि आम्हाला मूल नाही म्हणून पुढंही आपल्याच मुलांकडं जाईल असं त्यांनी धरलेलं आहे. त्यांच्या नातवंडांनी तर आमच्या बांधावरचे नारळसुद्धा आपसांत वाटून घेतलेत.

आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बगू." मी म्हटलं, "आत्याबाई, बगू म्हंजे हो का नाही?" तर म्हणाल्या, "बगू म्हंजे बगू."

सकाळी भावकीतली चार-पाच माणसं सोप्यात बसली. सासूबाई आतल्या दाराच्या उंबऱ्याशी, डोक्यावर पदर घेऊन मेथी निवडत होत्या. माझ्या लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत त्यांनी बैठकीत शब्द उच्चारलेला मी ऐकलेला नव्हता. मी उभी राहिले आणि, सवय जाते कुठं, मोठ्या आवाजात सुरुवात केली. पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. माईक असता तर आणखी बरं झालं असतं.

मग चुलत सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सूनबाई, पोरगी कुठली म्हनायची?"

मी मोबाईल काढला. हॉस्पिटलनं तीन बायकांची माहिती पाठवली होती, नाव-गाव वगळून. मला आवडलेली वाचून दाखवली. वय सव्वीस. उंची पाच फूट सात इंच. शिक्षण जनावरांच्या डॉक्टरकीचं. स्वतःचं एक मूल. आवड, घोडेस्वारी.

"घोड्यावर बसती?" चुलत सासरे ताठ झाले. "मंजी घरानं चांगलं हाय."

"उंची बी चांगली हाय," दुसरा एक म्हातारा म्हणाला. "भरतीत अडचन न्हाई."

"फोटू हाय का?"

"लहानपणचा आहे फक्त."

मोबाईल हातोहात फिरला. कोपऱ्यावर धूळ असल्यासारखा एकानं तो धोतरानं पुसून पाहिला. तीन वर्षांची, टोपी घातलेली, गाल लाल झालेली एक पोर. "गोरी हाय," असं एकमतानं ठरलं.

"देवक काय तिचं?" चुलत सासऱ्यांनी विचारलं. आमच्यात लग्न जमवताना दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर लग्न होत नाही.

"मामंजी, तिकडं देवक नसतं."

"मग आडवं यायचा सवालच न्हाई," ते म्हणाले. "जमतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या पोटचं लेकरू आता लग्नाच्या याद्यांसारखं पक्कं होणार, असं वाटलं. एवढ्यात आपण कशाला मान डोलावतोय हे चुलत सासऱ्यांच्या डोक्यात आलं असावं, कारण त्यांचा हात मिशीवर थबकला.

"थांबा थांबा. हे काय लगीन न्हवं. ही बाई काय नांदाय येनार न्हाई. रगात तिचं, मग पोर आपलं कसं?"

याची मी वाट बघत होते. "मामंजी, मी लग्न करून या घरात आले तेव्हा तुम्ही माझं नाव बदललंत. आडनाव बदललंत. कुलदैवत बदललं. देवक तुमचं झालं. वंश पुरुषाचा, बाईचं त्यात काही नाही, हे मी याच सोप्यात ऐकलंय, तुमच्याच तोंडून, तुमच्या नातवाच्या बारशाला. माईक माझ्याच हातात होता. आता बाईचं बीज एवढं मोलाचं कधीपासून झालं? बीज तुमच्या पुतण्याचं आहे. तुमच्या हिशोबानं तर पोर शंभर टक्के तुमचंच झालं. उरलं माझं काय, तर नऊ महिने, कळा, रात्रीची जागरणं आणि ढुंगण धुणं. तेवढं माझं राहू द्या!"

कुणीतरी खोकलं. नवरा पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो हसू दाबत होता, हे मला बरोबर कळतं.

"बोलाय लय पटाईत हाईस," चुलत सासरे म्हणाले. "पर या वयात? पोर साळंत जाईस्तवर तुमी दोगं म्हातारी व्हाल."

"म्हातारी तर मी पोर नसलं तरी होणारच आहे, मामंजी."

"आन रानाचं?"

हे मात्र त्यांच्या तोंडून निसटलं. निसटल्याचं त्यांनाही कळलं. सोप्यात कुणी कुणाकडं बघेना. त्यांनी घाईनं टोपी सारखी केली आणि आवाज चढवला. नवऱ्याकडं वळून म्हणाले, "आरं, रानाचं सोड. गावात तोंड कसं दावायचं? पोर ना आईवर जानार, ना आपल्या कुनावर. लोक इचारतील, हे कुनासारखं दिसतंय? काय सांगनार हाईस?"

नवऱ्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी जुडी खाली ठेवली, पदर कपाळावरून मागं सारला आणि सगळ्या भावकीच्या देखत आपल्या धाकट्या दिराला म्हणाल्या,

"भावजी, तुमी बी ना आईवर गेलाय, ना बापावर. म्हनून काय उसातला वाटा सोडलासा व्हय?"