हॉर्नशिवाय घाट उतरलेली फियाट

त्या मोटारचोरीचा तपास आजही मला टप्प्याटप्प्याने आठवतो, कारण त्यातली पहिली चूक चोराची नव्हती, माझी होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. श्रावणातल्या एका दुपारी एक कापड व्यापारी फिर्याद द्यायला आले. दोनला त्यांनी फियाट घरासमोर लावली, जेवून आडवे झाले, साडेतीनला बाहेर आले तर गाडी नाही. गाडी गेली यापेक्षा ती गुपचूप गेली, याचाच त्यांना जास्त राग होता.

"साहेब, दोन महिन्यांपूर्वी अलार्म बसवून घेतलाय. कुणी दार उघडलं की गाडीचाच हॉर्न बोंबलतो. गल्ली गोळा होते गल्ली! आणि आज चिमणीसुद्धा ओरडली नाही."

रचना साधी होती. दाराच्या चौकटीत एक खटका. दार उघडले की खटका सुटायचा आणि हॉर्नला करंट मिळायचा. वेगळा भोंगा नव्हता. दार उघडण्याआधी अलार्म बंद करायची कळ मागच्या मडगार्डच्या आत लपवलेली होती.

"ही कळ किती जणांना माहीत आहे?"

"दोघांना. मी आणि ज्यानं बसवली तो."

दोनातून एक वजा केला की एक उरतो. मी तेवढेच गणित केले. त्याच संध्याकाळी जीप घेऊन उद्यमनगरात गेलो आणि त्या वायरमनला दुकानातून उठवून आणले. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दोन दिवस सकाळी दहाला बोलावून संध्याकाळी सहाला सोडत होतो. प्रश्न एकच: कळ कुणाला सांगितलीस? उत्तरही एकच: "कुणाला न्हाई."

तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला. "साहेब, काल तीन गिऱ्हाइकं अर्धं काम टाकून गाड्या घेऊन गेली. गाडीच्या चोरकळा ठाऊक असणाराच चोर म्हटल्यावर कोण ठेवंल माझ्याकडं गाडी? आठ दिवसांत शटर ओढायची पाळी हाय."

मी ऐकून घेतले. मनावर घेतले असे म्हणता येणार नाही.

त्याच दिवशी आमच्या हवालदारांनी एक खबर आणली. एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये एक ड्रायव्हर चहा पिता पिता गंमत सांगत होता. मी त्याला बोलावून घेतले.

"गगनबावड्याखालच्या घाटात धुकं असं की बोनेट दिसंना," तो म्हणाला. "मी गाडी घेऊन वर येतोय, हॉर्न देत देत. वळणावर अचानक फियाट म्होरं! हॉर्न न्हाय, काय न्हाय. आणि पावणं काच खाली करून हातानं दारावर थापा मारतंय! बदाबदा! मी म्हटलं, मर्दा, बैलगाडी हाकतोयस व्हय?"

दिवस चोरीचाच. वेळ चारच्या पुढची. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. हिशेब बरोबर जुळत होता. न जुळणारी गोष्ट एकच, त्या थापा. मी बाहेर बाकावर बसलेल्या वायरमनला आत बोलावले.

"कळ बंद केली तर हॉर्न बंद पडतो का?"

"छे. कळ बंद केली की फकस्त अलार्म बंद. हॉर्न वाजतोय की. मालक दररोज वाजवत फिरत्यात न्हवं?"

"मग घाटात चोराचा हॉर्न का वाजला नाही?"

"त्यानं हॉर्नचीच तार उपसली असंल. कळ ठाऊक न्हवती त्याला. आणि तार परत जोडली की दार उघडल्याबरोबर बोंब. दोन दिवस तुम्ही कळ, कळ आणि कळच विचारलासा, साहेब. हॉर्नचं विचारलंच न्हाईसा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

आता शोध वेगळ्या माणसाचा होता: अलार्म हॉर्नवर चालतो हे ज्याला माहीत आहे, पण कळ माहीत नाही. व्यापाऱ्यांना विचारले, अलार्म चारचौघांत कधी वाजला होता? पंधरवड्यापूर्वी सर्व्हिसिंगच्या ठिकाणी वाजला होता. त्यांनी तिथे सर्वांना कौतुकाने सांगितलेही, मात्र कळ बंद करताना सगळ्यांना पाठ फिरवायला लावली होती. तिथे गाड्या धुणारे चौघे. त्यांपैकी एक चोरीच्या दिवसापासून तीन दिवस रजेवर होता. गाडीखाली आडवे पडायची रोजची सवय असलेल्याला पुढच्या जाळीमागच्या हॉर्नपर्यंत हात घालणे अवघड नव्हते.

त्याला आणले. तो घाबरला नाही. बहिणीकडे कागलला होतो म्हणाला, जेवणात काय होते तेही सांगितले. कागल एका दिशेला, गगनबावडा दुसऱ्या. तासभर विचारले, एक शब्द बदलला नाही. शेवटी मी कागद बाजूला ठेवला आणि सहज म्हणालो, "एस.टी.चा ड्रायव्हर म्हणत होता, त्या फियाटवाल्याला गाडीच चालवता येत नव्हती."

"त्याला येतीया व्हय?" तो उसळला. "सगळा रस्ता खाऊन वर आला त्यो! मी कडंला दाबली म्हणून वाचला, न्हायतर..."

कागलची गोष्ट तिथेच संपली. चोर म्हटलेले त्याने शांतपणे ऐकून घेतले होते. कच्चा ड्रायव्हर म्हटलेले कोल्हापूरच्या माणसाला सोसवले नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण घाटाखालच्या एका गावी, बंद गोठ्यात ठेवलेली गाडी त्याने स्वतः दाखवली आणि पंचांसमक्ष आम्ही ती जप्त केली. हॉर्नच्या तारा उपसून लोंबत होत्या. मडगार्डमधली कळ चालूच होती.

दुसऱ्या दिवशी वायरमनला म्हणालो, "तुम्ही मोकळे. जा आता." तो उठला नाही.

"जीपमधनं नेलासा ते समद्या उद्यमनगरानं बघितलं. आता चालत गेलो तर म्हणतील, जामिनावर सुटला."

सकाळी अकराला, गणवेशात, त्याला शेजारी बसवून मी जीप त्याच्या दुकानापुढे उभी केली. आमच्या जीपचा हॉर्न बरेच दिवस घोगरा वाजत होता. तो बघायला सांगितले. शेजारचे लेथवाले, वेल्डर गोळा झाले. चोर दुसराच निघाला आणि तो या माणसाच्या उत्तराने सापडला, हे मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. चूक माझी होती, हेही सांगितले. अर्धा तास बाकावर बसून राहिलो. हॉर्न दुरुस्त झाला तसा तो हळूच म्हणाला, "आता निघा साहेब. गिऱ्हाईक बुजतंय."

माणसाला ठाण्यावर आणले की स्टेशन डायरीत एक ओळ पडते. त्याची अब्रू परत केल्याची नोंद करायला त्या डायरीत रकाना नाही. ते काम अधिकाऱ्याने आपणहून करायचे असते, आणि ज्या उजेडात माणूस नेला त्याच उजेडात करायचे असते. पुढच्या सेवेत निर्दोष ठरलेल्या माणसांना मी असेच स्वतः घरी पोहोचवले. मी मोजलेले आहेत, अकरा. त्या अकराही जणांना उचलून आणणारा मीच होतो, हेही त्याच मोजणीत धरलेले आहे.