टोचतंय का?

वारूळवाडीला भाचीकडे गेले होते, तेव्हा पहिल्यांदा कळलं. स्टॉपवर उतरून चालत तिच्या दारात पोचले, तर ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "मामी, एक चप्पल कुठंय?"

डावा पाय उघडाच होता. चप्पल वाटेत कुठंतरी निसटली होती आणि मी तशीच तापल्या डांबरावरून चालत आले होते. तळव्याला भलाथोरला फोड आला होता. मला काहीच जाणवलं नव्हतं.

शुगर होती बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या. पण राजुरीत आमचा गाईंचा गोठा. शेणघाण, धारा, डेअरी यात पायांकडे कोण बघतं? नारायणगावच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाले, तळव्याला बारीक नायलॉनचा दोरा टेकवतो, कळलं की 'हो' म्हणा. मी वाट बघत बसले. कधी टेकवतात, कधी टेकवतात. शेवटी डोळे उघडले, तर ते दोरा डबीत ठेवत होते.

माझं माहेर घोडेगावच्या वरच्या अंगाचं, भातखाचरांचं. लहानपणी चिखलात पायाखाली आलेला खेकडा आणि दगड मी न बघता ओळखायचे. त्याच पायांना आता दोरा कळत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. पुण्यात पायाच्या मापाचे सोल, म्हणजे चपलेच्या आतल्या गाद्या, करून मिळतात, ते ज्यात बसवतात त्या सँडलसुद्धा तिथंच मिळतात. मी आणि हे, दोघं गेलो. सोल करणारा माणूस आमच्याच वयाचा, बोलायला गोड. त्यानं मऊ फोमच्या खोक्यात माझे पाय एकेक करून दाबून घेतले. पुढच्या खेपेला सोल तयार होते. सँडल घालून मी दोन पावलं चालले.

"टोचतंय का?"

"नाही."

"दाटतंय?"

"नाही."

"कुठं सैल वाटतंय?"

"नाही हो. छान बसलेत."

त्यानं सँडलचा पट्टा सोडला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणणार." आणि ह्यांच्याकडे वळला. "भाऊ, आता हे पाय तुम्ही बघायचे. रोज. कुठं लाल दिसलं तर इकडं घेऊन या, तिथला सोल मी घासून कमी करतो."

ह्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे डेअरीला दूध घालून आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसले. मी पाय मागं घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाया मी पडलेली. त्यांनी माझा तळवा हातात घ्यायचा म्हणजे मला कसंतरीच झालं.

"असू द्या हो. पाप लागंल मला."

"अगं, गाईचं खूर बघतो का न्हाई? तसंच."

मी हसले. मग रोजचंच झालं. चष्मा लावून, मोबाईलचा उजेड पाडून ते बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायचे. एकदा टाचेच्या कडेला लाल दिसलं. पुण्याला जाऊन तेवढा भाग घासून आणला आणि लाली गेली. सोल नीट बसले, असं ते म्हणाले म्हणून मला कळलं. मऊ की कडक, हे मला कधीच कळलं नाही. पायाखाली काही आहे हेच कळत नव्हतं. तरी त्या दिवसांत वाटायचं, आता निभेल.

मग पेठला नणंदेचे मालक वारले. हे दहाव्यापर्यंत तिथंच राहिले. मी आरशात तळवे बघायचा प्रयत्न करायची. चष्मा नाकावरून घसरायचा, कंबर वाकायची नाही, आणि आरशात पायापेक्षा खुर्चीचीच बाजू जास्त दिसायची. दिसलं तेवढ्यात सगळं बरं वाटलं.

हे आले, चहा घेतला आणि लगेच पाय बघायला बसले. सँडल काढली, तर मोजा तळव्याला चिकटला होता. वास आला. मला तोही आधी आला नव्हता, की गोठ्याच्या वासात कळला नव्हता, कोण जाणे.

"हे काय गं?"

सोलवर मक्याचा दाणा होता. अंगठ्याच्या बुडाशी तो रुतत गेला होता आणि मी त्याच्यावर उभी राहून भाकऱ्या थापल्या, गव्हाणी भरल्या, मंदिरात जाऊन आले. ह्यांनी दाणा तळहातावर घेतला. मला रागावले नाहीत. म्हणाले, "मी जायला नको व्हतं."

"सख्ख्या बहिणीचं दुःख. कसं न जाऊन चालंल?"

जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला.

जुना सोल आता उपयोगाचा राहिला नाही. पायाचा तोलच बदलला होता. पुन्हा पुणं, पुन्हा तो फोम. त्या माणसानं अंगठ्याच्या जागी मऊ भराव घालून नवा सोल केला. मन लावून केला, दिसतच होतं. माझ्या पायात घातला आणि सवयीनं विचारून बसला, "कसं वाटतंय?" मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "लई मऊ."

नवा सोल कुठंच लागत नाही. हे रोज बघतात, डॉक्टरही परवा तेच म्हणाले. मग म्हणाले, सोल चांगलाय, पण रक्तच खाली पोचत नाही, त्याला सोल काय करणार? गाई आम्ही विकल्या. दिवसभर मी ओट्यावर बसून असते आणि ते काही काम काढून आसपास राहतात. आता ते गावाला जातच नाहीत.

काल संध्याकाळी त्यांनी उजवा पाय हातात घेतला, तो चांगला होता तो. करंगळीच्या टोकाशी काळं दिसत होतं. मलाही वरून दिसलं.

"मळ असंल," ते म्हणाले.

ओल्या फडक्यानं पुसलं. गेलं नाही. त्यांनी फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं आणि परत पुसायला लागले, हळूहळू, जणू मला दुखेल.