दुसरा रकाना

सुलभाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी खांदा कॉलनीतल्या घरी मटार सोलत बसले होते. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, धस्स झालं. कारण दुपारीच त्यांचा फोन येऊन गेला होता, आणि मी त्यांना काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. दीड महिना झाला... अजून आठवतंय.

त्या पनवेलमधल्या एका दवाखान्यात समुपदेशक होत्या. मी त्यांच्याकडे गेले ती पेशंट म्हणून. गॅस बंद केलाय ना, हे बघायला तीन-तीनदा जिना चढणारी बाई मी. ‘‘मला वेड लागतंय का?’’ हा माझा पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, ‘‘गॅस बंद आहे हे तुला ठाऊक असतं, तरी बघावंसं वाटतं. मग हा भ्रम नव्हे गं. भ्रम झालेल्याला शंकाच येत नाही.’’ माझ्या त्रासाला नाव मिळालं आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. बरी झाल्यावर त्यांची पेशंटांच्या नोंदींची वही लिहायला जाऊ लागले.

वहीत नावगाव नसे, नुसते दोन रकाने. पहिल्यात माणसाने सांगितलेलं, त्याच्याच भाषेत. दुसऱ्यात आमचा शब्द: चिंता, भास, नैराश्य. पण शरीराची तपासणी होईपर्यंत दुसरा रकाना कोरा ठेवायचा, आणि चुकलेला शब्द पुसायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारायची, हा त्यांचा दंडक. एकदा ओवे गावची एक म्हातारी म्हणाली, ‘‘माजे छातीन पाखरू फडफडतंय बाय, झोप नाय.’’ मी लगेच ‘चिंता’ लिहून मोकळी. ताईंनी तिला आधी रक्त तपासायला पाठवलं. निघाला थायरॉइड! ‘‘काय अर्ध्या डॉक्टर,’’ त्या हसत म्हणाल्या, ‘‘मारा रेघ.’’

मी मारली. शिकले मात्र काहीच नाही, कारण त्या दुपारी फोनवर ताई म्हणाल्या, ‘‘छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय गं. घामही आलाय.’’ आणि मी, त्यांच्याकडूनच उचललेल्या ऐटीत म्हटलं, ‘‘घबराट आहे ताई. कामाचा ताण. चार मोजत श्वास घ्या.’’ त्या क्षीण हसल्या. ‘‘माझंच मला शिकवतेस?’’ आणि त्यांनी फोन ठेवला. डॉक्टरकडे जा, एवढे दोन शब्द मला सुचले नाहीत. संध्याकाळी हृदयविकाराने त्या गेल्या.

आता मी पुन्हा जिना चढते. गॅससाठी नव्हे, वर घरात फोन वाजला की काय म्हणून. डॉक्टर म्हणतात, हा शोक आहे, आजार नाही, वेळ लागेल. असेल. पण जीव थाऱ्यावर नाही. मी बोलले असते तर ताई वाचल्या असत्या का, हे मला कुणीच सांगू शकत नाही.

परवा त्यांच्या घरच्यांनी ती वही मला दिली. पहिल्या रकान्यात मी ताईंचं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं. दुसऱ्यात ‘घबराट’ लिहिलं, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. खालचा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो.