तोंडात राह्यलेला गण

मी दंडारीतला राजा होतो. सेलूच्या भोवतालच्या दहा-बारा गावांत दिवाळीनंतर आमची दंडार उभी राहे, नाच, गानं, सोंग सारंच त्यात, अन् राजा म्हनजे मीच. तोंडाले मुरदाडसिंगाचा पिवळा रंग फासायचा, डोक्याले मायचं जुनं लुगडं गुंडाळायचं, अन् असा आवाज लावायचा का पलीकडच्या वावरातला जागल्या उठून बसला पायजे. सोभाव माझा तापट, पन घरी कोनी भाव देत नव्हतं, तर सारी गुर्मी तिथं काढायची. बायको म्हने, राजे, आधी पानी भरा.

मंग एक साल आमच्या वस्तीत पंच बसले. आमी तवा महारच होतो. पंचांनी ठरवलं का मेलेलं ढोर ओढायचं नाई, कोनाच्या दारी भाकर मागायची नाई, अन् पाटलाच्या अंगनात दंडार नाचायची नाई. पहिल्या दोन गोष्टींले मी सगळ्यांच्या आधी हो म्हनलं. तिसरीले माझं तोंड कडू झालं. पंच खोटं बोलत नव्हते, हे मले बी समजत होतं. मी कितीबी राजा झालो, तरी खेळ संपल्यावर ओट्याखाली दुपट्टा पसरून जवारी घ्या लागे, अन् पाटील ते वरून टाके, अंगाले अंग लागू नाई म्हनून. पन कला माझी होती, पाटलाची नव्हती. हे कोनी ऐकून घेतलं नाई. मी वर्षभर त्या पंचांसंग बोललो नाई. आमच्या ढोलकीवाल्यानं ढोलकी आढ्याले टांगली अन् तो बी मुका झाला. बारा-तेरा साल मी तोंडाले रंग लावला नाई. वखरामागं चालता चालता सूर निघे, तर खाकरून गप बसायचो.

छप्पन सालच्या दसऱ्याले आमी नागपूरले गेलो, पायी. दीक्षा घेतली. घरी आल्यावर भिंतीतल्या देवळीतले देव मी माझ्या हातानं टोपल्यात भरले अन् बोर नदीत नेऊन सोडले. पितळेचा गणपती माझ्या बापाचा होता, तो बी सोडला. काठावरून मागं वळून पाह्यलं नाई. माझ्या मनात काडीची खोट नव्हती, हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगतो.

मले एकच पोरगा. वर्ध्याले राहून मॅट्रिक झाला, मंग मास्तर झाला. पांढरे कपडे, कमी बोलनं, अन् बोलला का धड्यासारखं. त्याले माझ्या दंडारीची लाज वाटे. एकदा त्यानं तोंडावर सांगतलं का माझा बाप नाच्या होता हे लोकांले सांगत जाऊ नोका. मी भडकलो. म्हनलं, अरे लेका, नाच्या वेगळा अन् राजा वेगळा, नाच्या तर लुगडं नेसते. तो उठून गेला. त्याले त्यातला फरक कायी समजला नाई, अन् मले त्याची लाज समजली नाई. तवापासून आमी दोघं एका घरात राहून कामापुरतं बोलायचो. एकुलता एक पोरगा असा दूर गेला का मानूस आतून वाळते. मी वाळत होतो.

दीक्षेच्या दुसऱ्या साली त्यानंच नव्या धम्माचा जलसा लिहिला. राजवाडा सोडून निघालेल्या राजपुत्राची कथा. वस्तीतले शिकलेले पोट्टे गोळा केले. सारे हुशार, पन राजपुत्राच्या बापाचं काम कोनाले जमेना. आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाये नाई, अन् रडायचं म्हनलं तर हसू ये. एका संध्याकाळी पोरगा दारात उभा राह्यला. बसला नाई. म्हनला, "बाबा, राजाचं काम तुमी करसान का?"

मी म्हनलं, पाहू, कापूस वेचाचा आहे. असं म्हनलं अन् गोठ्यामागं जाऊन ढसाढसा रडलो. बायकोनं पाह्यलं. त्या दिवशी तिनं भाकरीवर तेल जरा जास्त घातलं.

महिनाभर तालमी झाल्या. शाळा सुटल्यावर तिथंच. जन्मात मी कोनाचा हुकूम ऐकला नव्हता, पन पोराचा ऐकला. तो म्हने, बाबा, हात इतका वर नोका नेऊ. मी खाली घेई. तो म्हने, हा शब्द असा नाई, असा. मी दहा वेळा घोकी. वखर हाकता हाकता घोकी, जेवता जेवता घोकी. बायको म्हने, पोराच्या शाळेत नाव घातलं का काय तुमचं? एक दिवस राजा पोराले आडवा होते अन् म्हनते जाऊ नोको, तो प्रवेश मी केला. पोरगा वही मिटून म्हनला, जमलं. बस, एवढंच. पन त्यानं हे म्हनताना माझ्याकडे पाह्यलं होतं. तालीम रोज राजाच्या प्रवेशापासून सुरू होये. सुरुवातीची वंदना नवी होती, पन ते साऱ्यांले पाठ होती, तर ते कोनी तालमीत घेतली नाई. मी बी घेतली नाई. तिथंच चुकलं.

खेळ आमच्याच वस्तीत होता, दिवस बुडता बुडता. सेलूकडून, जामकडून बैलबंड्या आल्या. वर्ध्यावरून कार्यकर्ते आले, पुढं सतरंजीवर बसले. बाया एका बाजूनं. निळा झेंडा लावला होता. ढोलकीवाल्यानं आढ्यावरून ढोलकी काढून शाई भरून आनली होती. मले म्हनला, बुढ्या, मराच्या आधी एकदा वाजवून घेऊ. आमी सारे रांगेत उभे राह्यलो. मी मधात, फेटा बांधून, तोंडाले रंग लावून. राजासारखा ताठ उभा होतो.

ढोलकीवर थाप पडली. त्याच्या हातातून ज्या चालीची थाप निघाली, ते जुनीच होती. त्याचे हात बी म्हातारेच, त्यांले दुसरं काय येते? बाकीचे पोट्टे अजून दम घेत होते. माझं तोंड उघडलं अन् मी सूर उचलला.

मी शब्द ऐकलेच नाई. मी फक्त आवाज ऐकला. बारा साल कोंडलेला माझा आवाज, अन् तो फाटला नव्हता, बसला नव्हता, सरळ बंड्यांपर्यंत जाऊन राह्यला होता. मले इतकं बरं वाटलं म्हनून सांगू. मी डोळे मिटले. दोन ओळी पुऱ्या झाल्या तवा समजलं का रांगेतला कोनीच गाऊन नाई राह्यला. मी दंडारीतला गण गाऊन राह्यलो होतो. गणपतीले बोलावत होतो, पैला पाय रंगनात टाक म्हनून, निळ्या झेंड्याखाली, दीक्षा घेऊन एक साल झालेल्या लोकांपुढं.

मी डोळे उघडले. ढोलकी थांबली होती, कारन पोरानं तिच्यावर हात ठेवला होता. सतरंजीवरचा एक पाहुना शेजारच्याले म्हनला, सुंभ जळला पन पीळ गेला नाई. तो हळूच म्हनला, पन मले ऐकू आलं. मांगून दोघं-तिघं ओरडले का बुढ्याले उतरवा.

पोरानं माझ्याकडे पाह्यलं नाई. म्हनला, "बाबा, खाली उतरा."

मी उतरलो. फेटा बांधलेला, रंग लावलेला, तसाच बंड्यांकडे गेलो अन् एका चाकाले टेकून बसलो. राजाचं काम मंग पोरानंच केलं, कागद पाहून. जाऊ नोको, असं राजा पोराले म्हनते ते त्यानं असं वाचलं, जसं कोनी हजेरी घेते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पन बिना तेलाचा तो रंग निंगत नाई, नुसता पसरते.

घरी आल्यावर मी वाट पाहून राह्यलो होतो का तो माझ्यासंग भांडन. भांडला असता तर मी बी भांडलो असतो, अन् कायी तरी मोकळं झालं असतं. तो हात-पाय धुऊन आला अन् हळूच बोलला. "तुमी देव नदीत सोडले, बाबा. तोंडातून नाई सोडले. तुमी बदललेच नाई."

त्याले कसं सांगू का मन बदललं आहे रे, जीभ मागं राह्यली. चाळीस साल देवाचंच नाव सांगतलं तिले. हे आज मी सांगून राह्यलो, त्या दिवशी नाई सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं नवरा-बायको कापूस वेचत होतो. बायको ओळ सोडून माझ्या ओळीत आली अन् कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. म्हनली, "तुमी काल गायले न, तवा माझे हात जुळले होते."

मी तिच्याकडे पाह्यलं.

तिनं सांगतलं का अंधार पडत होता, तर कोनाले दिसलं नाई. भान आलं तवा तिनं हात पदराखाली घेतले. बाजूच्या बुढ्या बायांचे बी जुळले होते, साऱ्यांनीच पदराखाली घेतले. मंग म्हनली का हे मी पोराले सांगते. माय बी तशीच निंगली हे कळलं म्हंजे तुमच्यावरचा राग उतरन, अन् पुढच्या गावाले तो तुमाले घेऊन जाईन. हे सांगताना ते रडत होती. माझा गेलेला राजा मले परत आनून द्याचा, एवढंच तिच्या मनात होतं.

माझं मन एकदम धावलं, खोटं कायले बोलू. अर्धी वस्ती माझ्यासारखीच आहे, मी एकटा कच्चा नाई, असं ओरडून सांगावं वाटलं. मंग मले दिसला तो पोरगा, पांढऱ्या कपड्यात, त्या ढोलकीवर हात ठेवलेला. तो सारं घर खांद्यावर घेऊन पुढं चालला होता, अन् त्याले वाटत होतं का माय तरी त्याच्या मांगं येऊन राह्यली आहे.

म्हनलं, "नाई सांगायचं. एक बाप कच्चा निघाला, तेवढंच त्याले पुरे."

ते पुन्हा तिच्या ओळीत गेली. आठ दिवसांनी जलसा पुढच्या गावाले निघाला. पोरानं मले विचारलं नाई, मी बी विचारलं नाई. मायच्या तेवढा पाया पडला अन् बंडीत जाऊन बसला.