सरोदेकाकांचं रेडिओ लायसन

आमच्या शनिवारच्या चहाला पाच-सहा मराठी घरं जमतात. नेपरव्हिल या आमच्या अमेरिकन गावातला बर्फ आणि सरोदेकाकांचे किस्से सारखेच, जुने उपसेपर्यंत नवे पडतात!

काका-काकू रिटायर होऊन नागपूरहून मुलाकडे आले. काकूंना आता दिसत नाही, म्हणून घरात पब्लिक रेडिओ दिवसभर चालू. पहिल्याच आठवड्यात काका मला म्हणाले, "पोस्टात घेऊन चल." आणि तिथे खिडकीवर, "रेडिओचं वर्षाचं लायसन भरायचंय!" पूर्वी आपल्याकडे पोस्टातच भरायचे ना! क्लार्क बिचारी गोंधळली. मी सांगितलं, काका, इथे लायसन नसतं, ऐकणारे खुशीनं पैसे पाठवतात.

"तपासायला कोणी येत नाही?"

"नाही."

"तरी देतात?" काकांनी पार्किंग लॉटमध्येच खिशातून चेकबुक काढलं. "कमाल लोक आहेत यार!"

*

त्यांनी लगेच चेक पाठवला. बदल्यात रेडिओ स्टेशनच्या नावाचा कॉफी मग आला. काका भडकले. "मी पैसे बातम्यांसाठी दिले, भांड्यांसाठी नाही!" कडक पत्र लिहून तो पार्सलनं परत केला. आठ दिवसांत उत्तर आलं, "आपल्या आपुलकीबद्दल आभार." सोबत दोन मग!

*

मग स्टेशननं लोगो बदलला. आधी निळी सरळ अक्षरं होती, आता निळी तिरकी. त्यासाठी म्हणे कन्सल्टंट नेमला होता. "आमच्या पैशानं अक्षरं वाकडी करतात!" काका घरभर फिरत होते.

काकू म्हणाल्या, "तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमचं तर जन्मापासून तिरकंच आहे!"

*

आणि एक दिवस रेडिओवर सांगितलं की पैसे पुरत नाहीत, पेपरवाचनाचा तास बंद करायचा विचार आहे. रोज सकाळी व्हॉलंटिअर्स न दिसणाऱ्यांसाठी पेपर वाचतात, तो तास. काकूंची सकाळ त्याच्यावरच उभी होती. मला फार वाईट वाटलं.

काका म्हणाले, "मी वाचून दाखवीन."

"नको. तुम्ही बातमी वाचत नाही, तिच्याशी भांडता!"

*

स्टेशनची मीटिंग सगळ्यांना खुली होती. मी दोघांना घेऊन गेलो. काकांच्या खिशात दोन पानी मुद्दे, कॉफी मगच्या आणि लोगोच्या तक्रारीसकट. पण त्यांची पाळी यायच्या आत मॅनेजर सौम्यपणे म्हणाले, "तास चांगलाच आहे हो, पण ऐकतं कोण?"

काकू उठल्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई, स्वच्छ इंग्रजीत बोलल्या. "मघाशी दाराशी माझा कोट घेतला, त्या मंगळवारी पेपर वाचणाऱ्या बाई. खोकला गेला का? आणि मागे आत्ता खाकरले, ते सोमवारचे."

मागच्या रांगेतले एक म्हातारे गोरे गृहस्थ उभे राहिले. "मॅडम, तुम्ही खरंच ऐकता? इतकी वर्षं मला वाटायचं, मी भिंतीला वाचून दाखवतोय."

"पान उलटताना तुम्ही थांबता ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा मी चहाचा घोट घेते."

मॅनेजरनी हातातल्या कागदावरची एक ओळ खोडली. काकांनी आपली दोन पानं तशीच खिशात ठेवली, टेबलावरच्या स्टेशनच्या मगमध्ये चहा ओतला आणि काकूंच्या हातात दिला.

त्या गृहस्थांनी बगलेतला पेपर उघडला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. पहिलं पान संपलं. ते थांबले.

काकूंनी घोट घेतला.