नावांच्या खालची जागा

भिलाईत पुतळ्यांना आणि स्मारकांना तोटा नाही. उद्घाटन करणाऱ्याचं नाव त्यावर ठसठशीत असतं. दगड घडवणाऱ्याला कोण विचारतो? रामाजीनं पावर हाउस भागातल्या दुकानात तीस वर्षं असे दगड कोरले. मेलेल्या माणसांची नावं तर किती कोरली, पण छिन्नी कधी अडली नाही. अडली ती जवळच्या रसमडा गावातल्या दगडावर.

तिथल्या एका कारखान्यात भट्टी फुटून चार कामगार गेले होते. गेटजवळ त्यांचं स्मारक करायचं ठरलं. मॅनेजरनं नावांचा कागद दिला आणि म्हणाला, "ऊपर-ऊपर लिखना, नीचे जगह छोड़ देना. आगे काम आएगी." चहात साखर कमी टाक म्हणावं, तसं! ती भट्टी पुन्हा सुरू झाली होती. रामाजीचा एकुलता एक मुलगा शुभम त्याच भट्टीवर कामाला होता.

रामाजी घरी आला तो ताटावर बसलाच नाही. "कावून जी, बरं नाही वाटून राहिलं का?" बायकोनं, गयाबाईनं विचारलं.

"चार नावाच्या खाली जागा ठेवाले सांगितली वं साहेबानं. कोनासाठी ठेवू?"

गयाबाईनं तोंडाला पदर लावला. त्यांच्या घरून शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत जात नसे. रिकामा पाळणा कोणी हलवला, तर गयाबाई त्याच्या पाठीत धपाटा घाली. रिकामं ठेवलं की ते भरायला कोणीतरी येतं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. "तुमी जागाच ठेवू नका," ती म्हणाली.

शुभम हसला. "बाबा, आप भी ना! दगडानं मानूस मरते का? भट्टीची झडप खराब आहे, तिच्यानं मरते. तीनदा लिहून देल्लं साहेबाले."

"मंग बदलली का?"

"कुठची बदलते!"

आता सांगा, अशानं बापाला झोप लागेल? रामाजीनं नावं कोरली आणि त्यांच्या खाली झेंडूची वेल काढायला घेतली. वेल संपली की वाटायचं, इथं अजून एक नाव मावेल. की लगेच तिथं फूल. चार दिवस तो कोरतच राहिला. बोटभर जागा उरली नाही, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

दगड गेटजवळ उभा केला, त्या सकाळी मॅनेजर आला. वेल पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तो दगडाला वळसा घालून मागं गेला, गुळगुळीत पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चलो, कोई बात नहीं. पीछे तो पूरा खाली है."

रामाजी त्याच्या मागं गेला. "साहेब, वो झडप..." एवढंच कसंबसं बोलला. मॅनेजर गाडीत बसलासुद्धा.

तेवढ्यात भोंगा झाला. शुभम डबा घेऊन ड्यूटीवर येत होता. रामाजी धावत गेला आणि त्यानं भर गेटात पोराचे पाय धरले. बापानं पोराचे, हो! "नोको जाऊ रे बापू. हात जोडतो, नोको जाऊ."

शुभमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उठा बाबा, लोग देख रहे हैं," तो पुटपुटला. त्यानं बापाला उठवलं, त्याच्या गुडघ्यांची धूळ झटकली आणि कार्ड दाखवून आत गेला.