गाडीत काही नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायलाच हवं होतं त्याला तर नाहीच. सात वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

माझं गॅरेज तळवलीत, ठाणे-बेलापूर रोडला लागून. गाव आमचंच. आजोबांनी जिथे भात लावला तिथे मी गाड्यांचं ऑइल सांडतो. वाशीच्या मार्केटातून माल वाहणारे पिकअप, टेम्पो माझ्याकडे येतात. आणि माझं नाव कशासाठी? अ‍ॅव्हरेजसाठी. गाडी डिझेल जास्त पितेय, लिटरला पाहिजे तेवढी पळत नाही — न्या किसन मिस्त्रीकडे, तो इंजिनाला कान लावून रोग सांगतो. असं लोक म्हणायचे. आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

आता कुठून धरू — सदूभाऊपासूनच धरतो. सदूभाऊ म्हणजे नवनाथशेठचा ड्रायव्हर. शेठचा वाशीच्या एपीएमसी मार्केटात भाजीचा गाळा आणि एकच पिकअप, बारा वर्षं जुनी. गाळ्यावरून माल उचलायचा आणि हॉटेलं, कँटीन करत वाटत फिरायचा. सदूभाऊ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, माणदेशातला, कमी बोलणारा. गाडी गॅरेजला लावली की आधी विचारायचा, "किसन, जेवलास का?" माझ्याकडे इतके ड्रायव्हर येतात. हे विचारणारा तो एकटा.

तर त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. मी जुन्या बाजारातून दुसऱ्या कुठल्या गाडीचा उतरवलेला आणला आणि बसवला. शेठला छाती ठोकून सांगितलं — सेम टू सेम आहे, टेन्शन नको. गिअर मस्त पडायला लागले. शेठ खूश, सदूभाऊ खूश.

महिन्याभरात शेठचा फोन. तेराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी दहावर आली होती. आता गाडी जुनी झाली की अ‍ॅव्हरेज उतरतं, पण हळूहळू, माणसाच्या तब्येतीसारखं. लिटरमागे तीन किलोमीटर एकदम? काहीतरी असणारच.

मी काय काय केलं म्हणून सांगू! एअर फिल्टर बदलला. नोझल काढून तपासून आणले. पंपाचं टायमिंग बघितलं. चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, कारण एखादा ब्रेक चिकटून बसला असला की चाक अडतं आणि डिझेल फुकट जळतं. नाही अडलं. टायरमध्ये हवा बरोबर, काळा धूर नाही, टाकीखाली थेंब नाही. आणखी महिना गेला. अ‍ॅव्हरेज दहा ते दहाच. सदूभाऊ मला म्हणाला होता, "येक दिवस माझ्यासंगं बस. टाकी फुल करून निघू, तुझ्या डोळ्यानं बघ." मी हो हो म्हटलं. गेलो नाही. गॅरेजात सहा गाड्या उभ्या, दिवसभर भाजी वाटत कोण फिरणार? हे कारण म्हणून सांगत नाहीये. गेलो नाही, एवढंच सांगतोय.

एका सकाळी शेठ स्वतः गॅरेजवर आला. सदूभाऊ बाजूलाच उभा. शेठने विचारलं, "काय मिस्त्री, सापडलं काय?" आणि मी फडक्याला हात पुसत म्हणालो, "गाडीत काही नाही, शेठ."

तुम्हाला हे साधं वाक्य वाटेल. आमच्या धंद्यात ते साधं नाही हो. गाडीत काही नाही म्हणजे, जे काही आहे ते ड्रायव्हरमध्ये आहे. टाकीत नळी घालून डिझेल काढतोय आणि बाहेर विकतोय — हे मिस्त्री कधी तोंडाने बोलत नाही. तो एवढंच म्हणतो आणि मालक काय ते समजतो. मला हे माहीत नव्हतं? वीस वर्षं हेच करतोय! मला म्हणता आलं असतं — शेठ, मला सापडत नाही. चार शब्द. पण ज्याला सगळं सापडतं त्याने असं कसं म्हणायचं?

सदूभाऊने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — वाट बघत. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून. मी पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीखाली गेलो.

दोन दिवसांनी शेठने त्याला बेलभंडारा उचलायला लावला. दोघांचंही कुलदैवत खंडोबा. बेलाचं पान आणि खंडोबाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, मग विषय संपला; आणि खोटी घेतली तर घरादाराला भोगावं लागतं, असं ते मानतात. गाळ्यातल्या देव्हाऱ्यासमोर हमाल, शेजारचे गाळेवाले, सगळे जमलेले. मलाही बोलावलं होतं. सदूभाऊने चपला काढल्या, हात धुतले, भंडारा उचलला आणि म्हणाला, "डिझेलचा येक थेंब काढला असंल, तर देवानं माझं घर बघावं." आवाज जरासुद्धा हलला नाही. शेठने हात जोडले. पण बाकीच्यांच्या माना काही हलल्या नाहीत. मिस्त्रीने गाडी बघितलीय ना? मग?

इथपर्यंत मला खरं माहीत नव्हतं. हे नीट सांगतो, कारण इथपर्यंत मी नुसता गर्विष्ठ होतो, मूर्ख होतो. पुढचं वेगळं आहे.

शपथ झाली तरी शेठचं मन मानेना. त्याने गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवली — शेवटचं एकदा बघ म्हणाला. मला पनवेलला एक पार्ट आणायला जायचं होतं, म्हटलं हीच घेऊन जाऊ. मधे रस्ता खोदलेला, म्हणून फोनवर मॅप लावला. पोचलो तेव्हा फोन सांगत होता सव्वीस किलोमीटर. सहज गाडीच्या मीटरकडे नजर गेली. निघतानाचा आकडा सवयीने बघून ठेवला होता, त्यापुढे किती? वीस.

येताना पुन्हा बघितलं. पुन्हा सव्वीस आणि वीस.

गाडी बाजूला घेतली. गाडी सव्वीस धावत होती आणि मीटर वीसच मोजत होतं! डिझेल जास्त जळतच नव्हतं. किलोमीटर कमी भरत होते. स्पीडचा काटा कधीचाच मेलेला, रोज वेगळ्या ठिकाणी माल, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. गिअरबॉक्सला मीटरची केबल फिरवणारं एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन म्हणतात. दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सबरोबर तिचं पिनियन आलं होतं, दात जास्त, म्हणून केबल हळू फिरायची. ते काढून आपलं जुनं घालायचं असतं — हे मी चार जणांना शिकवलेलं. आणि मीच विसरलो.

आता माझी अक्कल बघा. सरळ शेठकडे जायचं की नाही? नाही. मी विचार केला, गुपचूप पिनियन बदलू आणि शेठला सांगू, डिझेलच्या पाइपात हवा शिरत होती, आत्ता सापडलं. अ‍ॅव्हरेज तेरावर येईल, सदूभाऊ सुटेल, माझंही नाव राहील. साप मरेल आणि काठी मोडणार नाही. अर्ध्या तासाचं काम, लगेच करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गाळ्यावर नेली. चावी घ्यायला पुढे आला तो दुसराच माणूस. नवा ड्रायव्हर. माझी वाट न बघताच शेठने सदूभाऊला आदल्या संध्याकाळी काढून टाकलं होतं. शेठ मला म्हणाला, "तू बोललास तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं."

हवा, पाइप — सगळं जिभेवर तयार होतं. मी ते खोटंसुद्धा बोललो नाही! शेठ तापलाय, आज नको, उद्या बोलू, असं म्हटलं. उद्या उद्या करत चार दिवस गेले. नव्या ड्रायव्हरची टाकी संपली आणि अ‍ॅव्हरेज आलं तेरा. शेठने अख्ख्या मार्केटला सांगितलं — ड्रायव्हर बदलला, गाडी सुधारली! आता आणखी कसला पुरावा पाहिजे?

कळतंय ना तुम्हाला? मी पिनियनला हात लावला नसता तर नव्या माणसालाही दहाच मिळाले असते, आणि सदूभाऊ आपोआप सुटला असता. माझ्या चुकीने त्याच्यावर संशय आला. माझ्या दुरुस्तीने तो चोर ठरला. वर खोटा भंडारा उचलणारा ठरला.

तेव्हापासून मी अडकलोय. पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची होती. आठवड्याने दोन झाल्या. महिन्याने तर — विसरलो कसा, लपवलं का, माणूस जाताना बघत का बसलो, सगळंच आलं. शेठने दुसरी गाडी घेतली, तीही माझ्याकडेच. प्रत्येक वेळी तो चार लोकांत सांगणार, आमच्या मिस्त्रीने तेव्हाच ओळखलं होतं. मी काय करतो? मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, काय साधा माणूस आहे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो सदूभाऊने खाल्ला. माझं तोंड कुणी दाबलं होतं?

सदूभाऊला मार्केटात पुन्हा कुणी चावी दिली नाही. तो घणसोलीच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. दोनेक वर्षांनी त्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग गेलं. मार्केटात लोक काय म्हणाले असतील? तेच म्हणाले. भंडारा खोटा उचलला, आता भोगतोय. माझ्याच गॅरेजात उभे राहून म्हणाले. मी ऐकलं.

गेल्या महिन्यात त्या सोसायटीत कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती म्हणून मला बोलावलं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. गेटवर सदूभाऊ. पार वाळून गेलाय. हाताला धरून केबिनमध्ये बसवलं, थर्मासातला चहा दिला आणि न विचारता सांगायला लागला.

वहिनी अंथरुणावरून रोज एकच विचारायच्या, खरं सांगा, काढलं होतंत का? तो नाही म्हणाला की रडायच्या. देवाची माफी मागा, मी बरी होईन, म्हणायच्या. सहा महिने तो नाही नाही म्हणत राहिला. मग जेजुरीला गेला. देवासमोर उभा राहिला आणि कबूल केलं — मी डिझेल काढलं, खोटी शपथ घेतली, शिक्षा मला दे, तिला नको. घरी येऊन बायकोलाही सांगितलं, होय, काढलं होतं.

"आता तिला झोप लागती," तो म्हणाला. मग थर्मासाचं झाकण लावत म्हणाला, "पर तू गाडी बघितलीस, किसन. माझ्याच्यानं तसलं हुईल का, सांग."

मी म्हणालो, नाही होणार, सदूभाऊ. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, बास, एकाला तरी पटलं.

पिनियन मी विसरलो होतो, आणि ते मीच लपवलं. हे त्याला तिथेच सांगता आलं असतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी चहा संपवला आणि दुसऱ्याची गाडी बघायला गेलो.